धाब्याचा कठडा

काही शब्द तोंडातून निघून गेल्यावर बऱ्याच दिवसांनी हिशेब मागायला परत येतात. "गुंतवणूक" हा शब्द माझ्याकडे असाच परत आला आहे. तो मी स्वतः, समजून-उमजून आणि एका चांगल्या कामासाठी वापरला होता. तरीही तो वापरणे योग्य होते काय, हा प्रश्न गेले वर्षभर मनातून जात नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

ज्या मंडळीचा मी सभासद आहे तिच्याकडे पूर्वजांनी ठेवलेला एक लहानसा निधी आहे आणि त्याच्या समितीवर मी काही वर्षे बसतो. २०१९ च्या अखेरीस ओडिशाच्या किनाऱ्यावरील एका मंडळीकडून आमच्याकडे विनंतीपत्र आले. त्यांना आपल्या शाळेवर एक पक्का मजला चढवायचा होता. रुंद जिना, म्हाताऱ्यांना व अपंगांना वर नेता येईल असा उतार, पावसाचे पाणी साठवण्याची टाकी आणि स्त्रियांसाठी वेगळी शौचालये, असा तो आराखडा होता. एरवी तेथे वर्ग भरावेत आणि चक्रीवादळाची सूचना मिळताच गावाने तेथे आश्रय घ्यावा, अशी योजना. रक्कम आमच्या मानाने मोठी होती. समितीतील एक ज्येष्ठ सभासद, आयुष्यभर बँकेत नोकरी केलेले, सरळ व सचोटीचे गृहस्थ, चष्मा काढून म्हणाले, "हीच रक्कम मुदतठेवीत ठेवली तर सात टक्के मिळतात. येथे काय मिळणार?"

प्रश्न दुष्टपणाचा नव्हता. दुसऱ्याचा पैसा सांभाळणाऱ्याने तो विचारलाच पाहिजे. मी उत्तर तयार करून नेले होते. त्याच वर्षी सप्टेंबरात बान की-मून, बिल गेट्स प्रभृतींच्या नेतृत्वाखालील जागतिक आयोगाने बदलत्या हवामानापासून बचाव करण्याविषयीचा आपला अहवाल प्रसिद्ध केला होता. २०२० ते २०३० या काळात पूर्वसूचना यंत्रणा, भक्कम बांधकामे, कोरडवाहू शेती, किनाऱ्यावरील तिवरांची वने आणि पाणी या पाच गोष्टींत १.८ लाख कोटी डॉलर घातले, तर ७.१ लाख कोटी डॉलरचा निव्वळ लाभ होईल, असे त्यात मांडले होते. मी ते आकडे वाचून दाखवले आणि म्हणालो, "साहेब, ही गुंतवणूक आहे. रुपयाला चार रुपये." ठराव एकमताने संमत झाला. त्या दिवशी मी फार समाधानाने घरी गेलो.

कोरोनाच्या अडथळ्यातून २०२१ मध्ये मजला पूर्ण झाला. त्यानंतरच्या तीन वर्षांत त्या गावावरून एकही मोठे वादळ गेले नाही. गेल्या वर्षी हिशेब तपासताना तेच गृहस्थ हसत म्हणाले, "आपले ते चार रुपये कोठे आहेत?" एक तरुण सभासद म्हणाला, "वादळच आले नाही म्हटल्यावर पैसा अडकूनच पडला म्हणायचा." सगळे हसले. मीही हसलो. परंतु त्या हसण्याच्या आड माझ्या मनात जे येऊन गेले ते येथे लिहिताना लाज वाटते. माझे म्हणणे खरे ठरावे यासाठी एखादे वादळ यायला हवे होते, असे मला क्षणभर वाटले.

जो शब्द एका भाषांतरकाराला, त्याला स्वतःला कळण्यापूर्वीच, दुसऱ्यांच्या घरांवर वादळाची वाट पाहायला लावतो, त्या शब्दात काहीतरी खोट असली पाहिजे.

या खोटीचा विचार करताना माझे मन वारंवार बंगालच्या उपसागराच्या दुसऱ्या काठाकडे, बांगलादेशाकडे जाते. ओडिशातील बंधूंनी जे मागितले ते प्रथम फार मोठ्या प्रमाणावर तेथे उभे राहिले आणि त्याची किंमतही तेथेच सर्वांत आधी मोजली गेली. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री भोला बेटावर व आसपासच्या किनाऱ्यावर आलेल्या वादळात तीन ते पाच लाख माणसे मृत्यू पावली. नेमका आकडा कोणालाच देता आला नाही, कारण मोजदाद करणारी कुटुंबेच्या कुटुंबे उरली नव्हती. वादळ येत आहे हे काही कचेऱ्यांना ठाऊक होते; परंतु समुद्राकाठच्या झोपडीपर्यंत ते सांगणारा माणूस नव्हता, आणि सांगितले असते तरी चढून जायला उंच जागा नव्हती.

पुढे १९७२ मध्ये रेड क्रॉसच्या प्रयत्नाने चक्रीवादळ-सज्जता कार्यक्रम सुरू झाला आणि लवकरच तेथील शासन त्यात भागीदार झाले. त्याचा गाभा यंत्रांत नाही, माणसांत आहे. गावातीलच स्वयंसेवक सायकलवरून फिरतात, कर्ण्यावरून ओरडून सांगतात आणि धोक्याच्या पायरीप्रमाणे एक, दोन, तीन झेंडे चढवतात. पगार नाही. आज असे सुमारे ७६,००० स्वयंसेवक आहेत आणि त्यांत निम्म्या स्त्रिया आहेत.

निम्म्या स्त्रिया का, याचे उत्तर फार महाग पडले आहे. २९ एप्रिल १९९१ च्या वादळात पुन्हा सुमारे १ लाख ३८ हजार लोक गेले आणि त्यांत पुरुषांपेक्षा स्त्रिया कितीतरी अधिक होत्या. सूचना पोहोचली होती. आश्रयस्थाने मात्र तोकडी होती, आणि जी होती तेथे परपुरुषांच्या गर्दीत, शौचालयाची सोय नसताना जाण्यास स्त्रिया संकोचल्या. कित्येकजणी घरधन्याच्या परवानगीची वाट पाहत मुलांना घेऊन घरात बसून राहिल्या. ओडिशाच्या पत्रात वेगळ्या शौचालयांची ओळ होती, तेव्हा आमच्या समितीत कोणी तरी ती खर्च वाढवणारी बाब म्हणून खोडू पाहत होते. त्या एका ओळीमागे काय आहे हे त्या वेळी मलाही ठाऊक नव्हते.

बऱ्याच वर्षांपूर्वी भाषांतरकारांच्या एका बैठकीनिमित्त मी ढाक्याला गेलो असताना एका बंगाली सहकाऱ्याने मला दक्षिणेच्या किनाऱ्यावर नेले. खांबांवर उभी असलेली काँक्रीटची शाळा, खाली मोकळी जागा, वर वर्ग; पाढ्यांचा आवाज येत होता. जवळच मातीचा एक प्रचंड उंचवटा होता. ते लोक त्याला "किल्ला" म्हणतात. मी विचारले, "दादा, येथे काय ठेवतात?" ते म्हणाले, "गुरे. आमचा माणूस गाईला सोडून घरातून निघत नाही. गाय वाचेल अशी जागा असेल तर माणूस वाचतो." ज्याने हा उंचवटा प्रथम सुचवला त्याला माणसाचे मन कळत होते, असे मला वाटले.

आता फळ पाहा. नोव्हेंबर २००७ मधील "सिडर" हे वादळ तीव्रतेने १९९१ च्या पंक्तीत बसणारे होते. त्यात सुमारे ३,४०० माणसे गेली. मे २०२० मध्ये "अम्फान" आले तेव्हा कोरोनाच्या साथीतही बांगलादेशाने वीस लाखांहून अधिक लोकांना हलवले आणि तेथील मृतांचा आकडा दोन अंकांतच राहिला. ओडिशाचीही हीच कथा आहे. १९९९ च्या महावादळात सुमारे दहा हजार मृत्यू झाले. २०१३ च्या "फायलिन"च्या वेळी मात्र दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले गेले आणि बळी पन्नासच्या आत राहिले.

या आकड्यांचे सार असे की येथील लाभ हा न घडलेल्या गोष्टींचा आहे. जो बुडाला नाही तो आपण बुडालो नाही म्हणून कोणाला पावती देत नाही. तो दुसऱ्या दिवशी उठून पडलेले छप्पर शोधायला लागतो. ताळेबंदात त्याला कोठे लिहावे?

येथे मला पवित्र शास्त्रातील एका लहानशा नियमाची आठवण होते. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात, पक्ष्याचे घरटे आणि मिश्र बियाणे यांच्या नियमांच्या मधोमध तो बसला आहे आणि वाचता वाचता नजर त्यावरून सहज निसटते. नवे घर बांधणाऱ्याने आपल्या धाब्याला कठडा करावा, म्हणजे कोणी तेथून पडून रक्तपाताचा दोष त्या घरावर येणार नाही, असा त्याचा आशय आहे. माझे बालपण मराठवाड्यात धाब्याच्या घरात गेले. उन्हाळ्यात सारे घर धाब्यावर निजत असे. पाहुणा आला की त्याचेही अंथरूण तेथेच. आमच्या घराला काठाशी वीतभर उंच मातीचा वरंबा होता, शेजाऱ्यांकडे तोही नव्हता. त्यांच्याकडे लग्नाला आलेला एक पाहुणा रात्री अंधारात उठला आणि खाली पडला. वाचला, पण हात कायमचा अधू झाला. घरच्यांना धाब्याचा काठ पाठ होता. पाहुण्याला तो ठाऊक नव्हता. मोशेचा नियम ज्याला काठ ठाऊक नाही त्याच्यासाठी आहे, हे मला त्या दिवशी कळले, शास्त्र शिकण्याच्या कितीतरी आधी.

"कठडा" यासाठी तेथे जो "मआके" हा शब्द आहे तो साऱ्या इब्री शास्त्रात याच एका ठिकाणी येतो. असा एकटा शब्द भाषांतरकाराला नेहमी भीती घालतो, कारण ताडून पाहायला दुसरी जागा नसते. सुदैवाने येथे संदर्भच अर्थ सांगतो. दुसरा शब्द "दामीम", म्हणजे रक्त. अनेकवचनी, सांडलेले रक्त. शास्त्रोत्तर काळातील इब्री भाषेत याच रूपाचा अर्थ "किंमत, पैसे" असाही होऊ लागला. आपल्या "दाम" शब्दाशी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो. परंतु तसे काही नाते नाही आणि उगाच जोडू नये. तरीही रक्त आणि किंमत एका शब्दात शेजारी येऊन बसावीत, हे मला अर्थपूर्ण वाटते.

आणखी एक गोष्ट. मूळ वाक्यात शब्दशः "पडणारा जर पडला" अशी रचना आहे. अजून पडलेला नाही, तरी त्याला आधीच "पडणारा" म्हटले आहे. यहूदी शास्त्र्यांना हे खटकले आणि तालमूदमध्ये त्यावर चर्चा आली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की तो मनुष्य कदाचित पडणारच होता. पण त्याचे पडणे तुझ्या हयगयीतून घडू नये. या सूक्ष्म विचाराची आज फार गरज आहे. बंगालच्या उपसागरात वादळे पूर्वीपासून आहेत, मग श्रीमंत राष्ट्रांच्या धुराला दोष का द्यावा, असा प्रश्न अनेकजण विचारतात. प्रश्नात तथ्य आहे. १९७० च्या वादळाचे खापर कोणाच्या धुराड्यावर फोडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तो किनारा सखल आहे, लोक दाटीने राहतात, नद्या दर वर्षी कूस बदलतात. तेथील माणूस "पडणारा" आहेच. परंतु आता समुद्राची पातळी चढते आहे, तापलेला समुद्र वादळांना अधिक बळ देतो आणि लाटा अधिक आत येतात. धाबे आपण उंच करत आहोत आणि काठ मात्र उघडा ठेवला आहे.

घर कोणी बांधले, हा प्रश्न मग टाळता येत नाही. औद्योगिक युगाच्या आरंभापासून वातावरणात गेलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. बांगलादेशात सतरा कोटी माणसे राहतात. जगाच्या आजच्या उत्सर्जनातील त्या देशाचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे. नियमशास्त्र कठडा बांधण्याचे काम पाहुण्याला सांगत नाही. ते घरधन्याला सांगते, आणि कोणी पडण्याच्या आधी, घर बांधतानाच सांगते. म्हणून कठडा दानधर्मात मोडत नाही. तो न बांधणाऱ्याला कोणी कंजूष म्हणत नाही, रक्तदोषी म्हणतात.

प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. २००९ मध्ये कोपनहेगन येथे श्रीमंत राष्ट्रांनी वचन दिले की २०२० पर्यंत आम्ही विकसनशील देशांसाठी दर वर्षी १०० अब्ज डॉलर उभे करू. हे वचन दोन वर्षे उशिरा, २०२२ मध्ये पूर्ण झाले. ओईसीडी या त्यांच्याच संघटनेच्या हिशेबाप्रमाणे त्या वर्षी ११५.९ अब्ज डॉलर दिले गेले. त्यांतले बचावाच्या कामासाठी, म्हणजे बांध, आश्रयस्थाने, पूर्वसूचना, खाऱ्या जमिनीत तगणारे बियाणे अशा गोष्टींसाठी, केवळ ३२.४ अब्ज होते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२३ मध्ये या कामाची गरज दर वर्षी २१५ ते ३८७ अब्ज डॉलर इतकी सांगितली होती. बाकीचा पैसा मुख्यतः उत्सर्जन कमी करण्याकडे गेला. ते कामही आवश्यक आहे. परंतु पैसा तिकडे का वळतो याचे एक साधे कारण आहे. सौरऊर्जेचा प्रकल्प वीज विकतो, त्याचे उत्पन्न दर महिन्याला खात्यात जमा होते. वादळात उभ्या राहणाऱ्या शाळेला विकण्यासारखे काही नसते. आमच्या समितीतील बँकेच्या साहेबांनी विचारलेला प्रश्नच जगातील सारे भांडवल विचारत आहे, आणि उत्तर न मिळाल्याने दुसऱ्या दारी जात आहे.

आणि जो पैसा येतो तो कशा रूपाने येतो? २०२२ मधील सरकारी व बहुराष्ट्रीय बँकांच्या निधीपैकी सुमारे ६९ टक्के रक्कम कर्जरूपाने होती. बांगलादेशातील कित्येक आश्रयस्थाने जागतिक बँकेच्या कर्जातून उभी राहिली. ते कर्ज सवलतीचे होते, मुदत लांब होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. आणि ते घेतले नसते तर माणसे मेली असती, हेही. इब्री भाषेत व्याजाला "नेशेख" म्हणतात आणि तो शब्द साप चावतो त्या "चावणे" या धातूपासून आला आहे. येथे चावा सौम्य आहे असे म्हणता येईल. पण मुद्दलही फेडायचेच असते. पाहुण्याने यजमानाच्या धाब्याला कठडा बांधावा आणि त्याचा खर्च यजमानाकडून उसनवार घ्यावा, अशी ही व्यवस्था आहे.

नीतिसूत्रांत मात्र याच्या उलट चित्र आहे. गरिबावर दया करणारा परमेश्वरालाच उसने देतो, असे तेथे म्हटले आहे. आपल्या मराठी शास्त्रातील "उसने" या शब्दाचा मला नेहमी हेवा वाटतो. उसने म्हणजे कर्ज नव्हे. शेजारणीकडून वाटीभर साखर आणतात ते उसने. त्याला कागद नसतो, व्याज नसते, आणि बहुधा वाटी परत जाते ती थोडी शिगोशीग जाते.

संकटापूर्वी तजवीज करणारा म्हणून आपल्या व्यासपीठांवरून योसेफाचे उदाहरण हमखास दिले जाते. सात सुकाळ, सात दुष्काळ, कोठारे. बदलत्या हवामानाशी झुंजणाऱ्या देशांना याहून चांगला धडा कोणता? मीही असे उपदेश केले आहेत. परंतु उत्पत्तीचा एकेचाळिसावा अध्याय वाचून आपण थांबतो आणि सत्तेचाळिसावा वाचत नाही. सुकाळात लोकांच्याच पिकाचा पाचवा हिस्सा गोळा करून भरलेली ती कोठारे होती. दुष्काळ पडल्यावर तेच धान्य त्यांना विकत दिले गेले. पहिल्यांदा पैसा संपला, मग गुरे गेली, मग जमीन, आणि शेवटी लोकांनी स्वतःला फारोचे दास म्हणून लिहून दिले. लोक जगले खरे, आणि त्यांनी योसेफाचे आभारही मानले. पण दुष्काळ सरला तेव्हा सारा मिसर देश एका माणसाच्या मालकीचा झाला होता. त्यात एका ओळीत पाठभेद आहे. प्रचलित इब्री पाठात "लोकांना नगरांत हलवले" असे आहे, तर शोमरोनी पाठात व सप्ततीच्या ग्रीक भाषांतरात "दास केले". फरक इब्री लिपीतील "दालेथ" आणि "रेश" या एकमेकांसारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा. कोणता पाठ मूळचा यावर विद्वानांचे एकमत नाही. पण त्या शेतकऱ्यांना दोन्हींत फारसा फरक जाणवला असेल असे वाटत नाही. जाता जाता हेही सांगितले पाहिजे की त्या व्यवहारात याजकांची जमीन तेवढी सुटली. हे वाक्य आम्हा धर्मसेवकांना उपदेशात घेण्याची आठवण राहत नाही.

योसेफाने लोकांचे प्राण वाचवले, हे निर्विवाद. तरीही वाचवण्याच्या दोन रीती असू शकतात: एकीत वाचलेला माणूस मोकळा राहतो, दुसरीत तो वाचवणाऱ्याचा होऊन जातो. आज कर्ज देणारी राष्ट्रे फारो आहेत असे मी म्हणत नाही. मात्र किनाऱ्यावरचा देश दर वादळानंतर अधिक ऋणी होत असेल, तर आपण कोणता अध्याय वाचत आहोत हे एकदा तपासून घ्यावे.

दिलेला पैसा दान असला तरी तो आपोआप निर्दोष होत नाही, याचाही दाखला बांगलादेशातच आहे. १९६० च्या दशकात परकीय साहाय्याने व परकीय तज्ज्ञांच्या आराखड्यांनुसार तेथील किनाऱ्यावर बांध घालून १३९ बंदिस्त पट्टे तयार करण्यात आले. त्यापूर्वी शेतकरी आठ महिन्यांपुरते मातीचे बांध घालत आणि पावसाळ्यात नदीला गाळासह शेतात येऊ देत. त्या गाळाने जमीन उंचावत असे. नव्या पक्क्या बांधांनी खारे पाणी अडवले आणि सुरुवातीला पिकेही वाढली. पण गाळ शेतात यायचा थांबला आणि नदीच्या पात्रात साचू लागला. नद्या वर आल्या, आतील जमीन खाली राहिली आणि पावसाचे पाणी बाहेर पडेना. खुलना भागातील बील डाकातिया येथे वर्षानुवर्षे शेते पाण्याखाली कुजली. शेवटी १९९० मध्ये गावकऱ्यांनीच बांध फोडला. भरतीबरोबर गाळ आत आला आणि जमीन पुन्हा वर येऊ लागली. अडाणी म्हणून ज्यांना कोणी विचारले नव्हते त्यांची ती जुनी रीत पुढे तज्ज्ञांनी नवे नाव देऊन स्वीकारली. कठडा कोठे हवा हे त्या धाब्यावर निजणाऱ्यालाही विचारले पाहिजे, एवढे तरी यातून कळते.

कठड्याने सारे काही वाचते असेही नाही. २००९ च्या मे महिन्यात "आयला" वादळाने नैऋत्य बांगलादेशातील बांध फुटले. आश्रयस्थानांत गेलेले लोक जगले, पण त्यांच्या शेतांतून खारे पाणी कित्येक महिने हटले नाही आणि हजारो कुटुंबे फुटक्या बांधावरच झोपड्या घालून राहिली. प्राण वाचवण्यापुरताच पैसा दिला तर माणूस जगतो आणि पुढच्या महिन्यात शहराच्या फुटपाथवर येतो.

मग "गुंतवणूक" हा शब्द टाकूनच द्यावा काय? इतके सोपे असते तर मी हा लेख लिहिला नसता. त्या शब्दाने काम केले हे मी नाकारू शकत नाही. दयेचे आवाहन करून जो ठराव झाला नसता तो आकड्यांनी झाला, आणि आज त्या मजल्यावर मुले शिकत आहेत. आयोगाचा अहवाल लिहिणारेही लबाड नव्हते. अर्थमंत्र्यांना ज्या भाषेत ऐकू येते त्या भाषेत ते बोलले. भाषांतरकाराचा धंदा तरी दुसरा काय? ऐकणाऱ्याच्या भाषेत बोलणे. परंतु आमच्या व्यवसायात आणखी एक नियम आहे. ऐकणाऱ्याला सोपे जावे म्हणून मूळ अर्थ बदलला तर ते भाषांतर राहत नाही. चार रुपयांचा लाभ होतो हे खरे. तो होतो मात्र त्या किनाऱ्यावरच्या माणसाला. मी तो समितीला असा सांगितला की ऐकणाऱ्यांना तो आपल्याच खात्यात येणार असे वाटावे. खोटे एकही वाक्य बोललो नाही, पण क्रियापदाचा कर्ता लपवला. आणि ज्या वर्षी लाभ दिसत नाही त्या वर्षी गुंतवणूकदार पैसा काढून घेतो. त्याला तो हक्क मीच दिला होता.

आपण मराठी ख्रिस्ती लोक, मग मुंबईत असू, इंदूरला असू की बंगळूरला, या विषयात स्वतःला सहज पाहुण्यांच्या बाजूला बसवतो. भारताचे दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे, हे खरे आहे. पण ती सरासरी किनाऱ्यावरच्या कोळ्याची आणि माझी मिळून आहे. एकूण उत्सर्जनात आपला देश जगात तिसरा आहे, आणि ज्या घरांत वातानुकूलित खोल्या व दाराशी मोटारी आहेत त्यांत आपल्यापैकी पुष्कळांची घरे येतात. आपणही मजला चढवतो आहोत. २०२४ मध्ये बाकू येथे श्रीमंत राष्ट्रांनी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभारण्याचे नवे लक्ष्य मान्य केले. ते अपुरे आहे अशी टीका भारताने तेथे केली, आणि ती योग्यच होती. परंतु बाकूत काय व्हावे ते आपल्या हाती नाही. पूर्वजांनी ठेवलेला तो लहानसा निधी आपल्या हाती आहे.

यंदा ओडिशाहून पुन्हा पत्र आले. टाकीला तडा गेला आहे, उताराचा कठडा खाऱ्या हवेने गंजला आहे, आणि शेजारच्या वस्तीतील गुरांसाठी मातीचा उंचवटा करायचा आहे. या वेळी मी आकडे नेले नाहीत. अनुवादाचा बाविसावा अध्याय नेला आणि गेल्या वेळी मी कर्ता कसा लपवला होता तेही सांगितले. समिती बराच वेळ गप्प होती. तरुण सभासद म्हणाला, "म्हणजे आपल्याला परत काहीच मिळणार नाही, असे ना?" मी म्हणालो, "नाही." ठराव या वेळी एकमताने झाला नाही, दोन मते विरोधात पडली आणि रक्कमही मागितली त्यापेक्षा कमी मंजूर झाली. पूर्वीचा शब्द वापरला असता तर कदाचित पूर्ण मिळाली असती. त्या उंचवट्यावर किती गाई कमी मावतील, याचा हिशेब माझ्या नावावर आहे.

बँकेचे साहेब आमचे खजिनदारही आहेत. त्यांनी बाजूने मत दिले. धनादेश लिहून झाल्यावर त्यांनी खातेवही पुढे ओढली आणि विचारले, "हे कोणत्या सदराखाली दाखवू? गुंतवणूक तुम्ही नाही म्हणता, दान तुम्ही नाही म्हणता." मला उत्तर सुचेना. त्यांनी थोडा विचार केला, चष्मा पुसला आणि "इमारत दुरुस्ती" या सदराखाली ती रक्कम लिहून टाकली.